रुमालाला गाठ नव्हती

१

गनीभाईंनी रुमाल उलगडला आणि आत भलतंच पुस्तक निघालं.

त्या सकाळी भिंगारच्या हबीब मास्तर वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. नगरहून माणसं आली होती. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझी जीभ जुन्या वळणाची आहे, सुधारेल तेव्हा सुधारेल. कोल्हारहून, वाचनालय काढणाऱ्या निबे बाईंच्या माहेरची मंडळी टेम्पो करून आली होती. सगळ्यांना एकच वस्तू बघायची होती, ती म्हणजे नहरनामा. निजामशाहीत शहराला डोंगराकडून खापरी नळांनी पाणी यायचं. ते नळ कुठून वळवले, कुठे झाकले, कुठे उघडे ठेवले, हे पाण्याचा कारभार बघणाऱ्या एका माणसानं फारसीत लिहून ठेवलं होतं, हातानं काढलेल्या रंगीत नकाशांसकट. त्याची एकच प्रत राहिली होती, आणि ती गनीभाईंच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली होती. ती त्यांनी वाचनालयाला दिली. सही नाही, शिक्का नाही, नुसत्या बाईंच्या शब्दावर दिली.

वाचनालयाची ग्रंथपाल मोनिका साळवे हिनं आतल्या खोलीतून पत्र्याची पेटी आणवली, वरची बाडं बाजूला काढली आणि तळाचा लाल रुमाल उचलला. जुनी हस्तलिखितं ज्या कापडात गुंडाळून ठेवतात, त्याला रुमाल म्हणतात. गनीभाई म्हातारे, हात थरथरतात. ते गाठ शोधत राहिले, शेवटी मोनिकानंच फितीचं टोक ओढून दिलं.

कापड बाजूला झालं. गनीभाईंनी पान उलटून पाहिलं. मग ते पुस्तक दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं, भिंतीशी चालत गेले आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून आले. मला वाटलं, धक्क्यानं म्हाताऱ्याचं भान गेलं.

"आपा," ते म्हणाले, "ह्यो नहरनामा न्हाई."

"मग काय आहे?" बाईंनी खुर्चीतून विचारलं.

"दुसरंच कायतरी हाय. जुनं, छापील."

माईकपाशी प्राध्यापक ज्ञानेश्वर लगड उभे होते. बाईंचे पट्टशिष्य, फारसी साधनांचे जाणकार, वाचनालयाचे विश्वस्त. नहरनाम्याचं पहिलं पान तेच वाचून दाखवणार होते. त्यांनी माईक बंद केला आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी कधीपासून सांगतोय. दारं उघडी टाकली की असंच व्हायचं."

लोक पोलिसांत जा म्हणाले. बाई नको म्हणाल्या. गावातलंच कुणी असेल तर त्याला जन्माचा डाग लागेल. मग काठी टेकून उभ्या राहिल्या.

"येत्या रविवारपर्यंत नहरनामा सापडला नाही, तर या वाचनालयाला मी माझ्या हातानं कुलूप लावीन. इथली निम्मी पुस्तकं लोकांनी माझ्या शब्दावर दिली आहेत. शब्दच राहिला नाही तर ती कशाच्या जोरावर ठेवायची?" आणि गर्दीत मी कुठे उभी आहे ते न बघताच म्हणाल्या, "पंकजा, तू बघ."

२

मी पंकजा वाबळे. पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झाले, सध्या दुखरे गुडघे आणि सुनेचे टोमणे सांभाळते. बाईंना नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही, कारण हवालदाराची फौजदार मी याच वाचनालयाच्या बाकावर बसून झाले. ड्यूटीवरून खाकीतच यायचे. बाई काही न बोलता पंखा माझ्याकडे फिरवायच्या. हे वाचनालय बंद होणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

बाई म्हणजे डॉ. सत्यशीला निबे. कोल्हारच्या शेतकऱ्याची मुलगी. प्रवरेकाठी ऊस, घास आणि म्हशी, त्यात ही पोर इतिहासाच्या नादी लागली. कॉलेजला नगरला आली तेव्हा तिला कळलं, नगरचा जुना इतिहास वाचायचा तर फारसी पाहिजे. सांगणारे पुष्कळ होते, शिकवणारा एकच निघाला. भिंगारचे हबीब मास्तर, गनीभाईंचे वडील. त्यांच्या ओसरीवर संध्याकाळी बारकी पोरं पाटीवर अलिफ, बे गिरवायची. त्या रांगेत ही लुगडं सावरून मांडी घालून बसली. कोल्हारात बोंब झाली आणि भिंगारात लोक हसले. बाईंनी हसणाऱ्यांकडे कधी बघितलं नाही, त्या पाटीकडे बघत राहिल्या. गनीभाई तेव्हा शेंबडं पोर होतं. तिला ‘आपा’ म्हणायला लागलं ते आजतागायत.

पुढे पुणं झालं, मग सगळ्या देशातले दप्तरखाने पालथे घातले. नगरच्या पाण्याचा आणि शेतीचा इतिहास बाईंनी असा लिहिला की त्यात राजांपेक्षा माळी आणि पखालवाले जास्त भेटतात. आणि एक दिवस त्या थेट राष्ट्रीय ग्रंथालयाच्या प्रमुख झाल्या. गेल्या गेल्या आपली खुर्ची केबिनमधून उचलून वाचकांच्या दालनात ठेवली. तिकडची लिपी येत नव्हती, तर केस पिकलेले असताना कर्मचाऱ्यांच्या पोरांबरोबर बसून ती गिरवली. दुर्मिळ पुस्तकांचं दालन साध्या वाचकाला खुलं केलं. पुस्तकाला वाळवीपेक्षा कुलूप जास्त खातं, हे त्यांचं वाक्य मी हजारदा ऐकलंय.

पण एक नियम मात्र कडक. दुर्मिळ पुस्तक टेबलावर ठेवून निघून जायचं नाही. हातातून हातात परत करायचं, आणि घेणारा विचारणार, "काय वाचलंत?" एकदा एका मंत्र्यानं एक ग्रंथ नेला आणि बऱ्याच दिवसांनी स्वतः परत आणला. बाईंनी विचारलं, काय वाचलंत? मंत्री हसून म्हणाले, वेळच झाला नाही हो. बाईंनी तो त्यांच्याच हातात परत ठेवला. "मग असू द्या, वाचून आणा." बरोबरचे अधिकारी घामाघूम झाले. मंत्र्यानं खरंच वाचला, आणि पुढे दालनात येऊन बसायलाही लागला म्हणे.

निवृत्त झाल्यावर मोठमोठ्या शहरांतून बोलावणी आली. बाई भिंगारला आल्या आणि आपल्या मास्तरांच्या नावानं दोन खोल्यांत हे वाचनालय काढलं. तेच आता जायला निघालं होतं.

३

आतल्या खोलीची किल्ली दाराशेजारीच खिळ्याला लटकलेली. "पेटीला कुलूप का लावता मग?" मी मोनिकाला विचारलं.

"उंदरांसाठी," ती म्हणाली. "बाई तसंच म्हणतात."

म्हणजे किल्लीवरून काही कळणार नव्हतं. येणारा जाणारा कुणीही ती घेऊ शकला असता. मी लाल रुमाल आणि फीत टेबलावर पसरली.

"सकाळी गनीभाई गाठ शोधत होते."

"गाठ नसतेच," मोनिका म्हणाली. "गाठ पानांवर दाबली जाते, वळ उठतो. बाईंची पद्धत वेगळी आहे. फीत तीन वेढे फिरवायची आणि टोक आत खोवून द्यायचं. गनीचाचांनी नहरनामा आणला तेव्हा त्याला दोन गाठी होत्या. बाईंनी त्यांना रागावून स्वतः परत बांधला."

"असं खोवायला कुणाकुणाला येतं?"

"बाईंना. लगड सरांना. आणि..." तिचा चेहरा पडला. "मला. पंकजाताई, संशय माझ्यावर आहे ना?"

"आहे. चहा टाक."

चहा पिताना मी तिला आणखी पिळलं. खोटं पुस्तक आलं कुठून? कॅन्टोन्मेंटातल्या एका बंद बंगल्यातून जुन्या पुस्तकांची खोकी आली होती, ती कोपऱ्यात तशीच पडून होती. त्यात उर्दूही बरीच. ती अजून कुणी लावली नव्हती. नेमकं कुठलं पुस्तक निघालं, हे मात्र तिला सांगता येईना. गनीभाईंनी जाताना ते वरच्या फळीवरून काढून घरी नेलं होतं.

"तुला उर्दू वाचता येतं?"

"येतं, अडखळत. बाईंनी शिकवलं. आता त्यांना एका डोळ्यानं दिसत नाही, तर मीच वाचून दाखवते. चुकलं की न बघता सांगतात."

मी कपाटाच्या वरच्या फळीकडे बघितलं. तिथे पोथ्या होत्या, मोनिकाच्या चर्चची काळ्या पुठ्ठ्याची पुस्तकं होती, आणखी कसली कसली होती.

"पूजेची पुस्तकं कुठल्याही धर्माची असोत, वरच्या फळीवर," मोनिका म्हणाली. "इथं येणारा पहिल्या दिवशी हेच शिकतो. सर सांगतात, त्यांनी तरुणपणी एकदा चुकून पोथीवर डबा ठेवला, तर बाईंनी त्यांना दिवसभर उभं केलं होतं. परत म्हणून चूक केली नाही."

मोनिकाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण रडणं आणि खरं बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खात्यानं मला शिकवलंय. मी तिला घरी पाठवलं आणि लगड सरांकडे निघाले.

४

सरांची कॉलेजातली केबिन म्हणजे कुलपांचं प्रदर्शन. लोखंडी कपाट, त्याला दोन कुलपं, टेबलाच्या खणाला एक.

"बाईंसारखी विदुषी पुन्हा होणे नाही," सर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले, त्यात मला शंका वाटली नाही. "पण त्यांचा माणसांवर फार विश्वास. मी किती वेळा म्हटलं, संग्रह इथे कॉलेजात आणू, नोंद करू, कुलपात ठेवू. ज्याला बघायचंय त्यानं अर्ज करावा."

"बाई काय म्हणाल्या?"

"हसल्या."

भिंतीवर त्यांच्या ग्रंथाला मिळालेलं मानपत्र होतं. नगरच्या नहरांवरचा ग्रंथ, नावाजलेला. मी मान वर करून बघितलं तसे सर खुलले. "त्यातली सगळी फारसी साधनं बाईंची कृपा. दुपारच्या दुपारी त्या डोळे मिटून वाचायच्या, अर्थ सांगायच्या, मी उतरवून घ्यायचो. एका शब्दावरून आमचा कधी वाद झाला नाही." बोलता बोलता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"हा सोहळा आधी दोनदा पुढे गेला होता ना, सर?"

"हो. एकदा माझा घसा बसला, एकदा परीक्षेचं काम निघालं. बाईंचा हट्ट, पहिलं पान ज्ञानेश्वरच वाचणार. बाकी कुणी चालायचं नाही त्यांना."

"मग चोर कोण असावा?"

सर थोडे घुटमळले. "मी कुणाचं नाव घेणं बरं नाही. पण गनीभाईंचा पुतण्या, काशिफ, त्याला तो विकायचा होता. मुंबईचा व्यापारीसुद्धा घेऊन आला होता. तुम्ही खात्यातल्या, तुम्हाला जास्त कळतं."

खात्यातल्या माणसाला एक नक्की कळतं. कुणाचं नाव घेत नाही म्हणणारा नाव घेतल्याशिवाय राहत नाही.

५

काशिफचं भिंगारच्या जुन्या बाजारात मोबाईलचं दुकान. दोन दिवसांनी तिथे गेले तर मला बघताच त्यानं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"सरांनी सांगितलं असंल. व्हय, मला विकायचा हुता. घरातली चीज हाय, विकायचा हक हाय. आपल्याच घरात कोन चोरी करतं का म्याडम? चचांनी फुकट देऊन टाकला, लई भांडलो त्यांच्याशी. पन दिला तो दिला. हबीबदादांच्या नावाच्या जाग्यातून मी उचलू?"

मी त्याला काउंटरवरचं खोकं, एक फडकं आणि दोरी दिली. "हे बांध बरं."

तो चक्रावला, पण बांधलं. एक गाठ मारली, मग वर दुसरी, मग ओढून बघितली. दोरी खोवायची असते हे त्याच्या गावीही नव्हतं. मी काशिफचं नाव मनातून खोडलं.

"अजून एक सांगू का?" तो आवाज खाली आणून म्हणाला. "चचा त्या दिसापास्नं धड जेवत न्हाईत. ते दुसरं पुस्तक घरी आनलंय, त्याला कुनाला हात लावू देत न्हाईत. इन्शाचं लगीन तोंडावर आलंय, घरात पाव्हणे, अन् ह्ये आपले गप. काय हाय त्यात म्हनलं, तर म्हनले, तू तुजं काम कर."

इन्शा म्हणजे गनीभाईंची नात. मी तशीच उठले.

६

गनीभाई ओसरीवर बसले होते, तीच हबीब मास्तरांची ओसरी. मी समोर बसले आणि सरळ विचारलं, "गनीभाई, त्या दिवशी तुम्ही ते पुस्तक कपाळाला का लावलं?"

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "फौजदारबाई, तुमी हिंदू. तरी वळखलं?"

"ओळखलं नाही, म्हणून विचारायला आले."

"सिपारे हायेत ते. अल्लाचा कलाम. मशिदीत पोरं शिकत्यात ना, ते कुराणाचे भाग. जुने, पुठ्ठा गेलेले, कुनीतरी एकात एक शिवलेले." त्यांनी हातानं जमिनीकडे दाखवलं. "अन् ते पेटीच्या तळाला. वरनं धा बाडं रचलेली. आमच्यातलं येडं पोरगंबी ते खाली ठेवनार न्हाई. काळजात चर्र झालं बगा."

"मग तिथंच का नाही बोललात?"

"हॉलमंदी येवडी मानसं. मी बोललो असतो, अल्लाचा कलाम खाली दाबून ठेवला हुता, तर कुनीतरी बाहेर जाऊन दुसरंच बोललं असतं. सांजच्याला गावात काय झालं असतं, तुमी खात्यातल्या, तुमाला सांगाया नको. आपाच्या दारात तसलं नको म्हनून गप बसलो. नहरनामा गेला तर गेला."

घराण्याची एकमेव ठेव गेलेली, आणि हा माणूस तोंड मिटून बसला होता ते बाईंच्या दाराला डाग लागू नये म्हणून. मी चहाचा कप तोंडाला लावून वेळ काढला.

त्या चहाबरोबरच सगळं जागच्या जागी बसलं. रुमालाला गाठ नव्हती, म्हणजे बांधणारा बाईंच्या हाताखाली शिकलेला. बाई, मोनिका आणि सर, तिघंच. आणि बाईंच्या हाताखाली शिकलेला माणूस पूजेचं पुस्तक पेटीच्या तळाला घालणार नाही, चोरी करतानासुद्धा नाही. हात आपोआप वरच्या फळीकडे जाईल. तरी घातलं. याचा अर्थ एकच. ते काय आहे हे त्याला कळलं नाही. खोक्यातलं एक जुनं उर्दू पुस्तक, आकार जुळतोय, एवढंच त्याला कळलं. मोनिकाला वाचता येतं. बाईंना तर पहिल्याच पानावर कळलं असतं.

उरले सर. पण सर तर फारसीचे जाणकार, त्यांना ती लिपी येणारच. नगर जिल्ह्यात कुणालाही विचारा.

आणि मग मला आठवलं, दुपारच्या दुपारी बाई वाचायच्या आणि सर उतरवून घ्यायचे. एका शब्दावरून कधी वाद झाला नाही.

"गनीभाई," मी म्हणाले, "तुमचं अक्षर सुरेख आहे म्हणतात. एक काम कराल?"

७

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या टेबलावर एक पिवळा पडलेला कागद ठेवला. जुन्या वहीचा कोरा कागद, त्यावर बोरूनं लिहिलेल्या पाच ओळी.

"सर, तपासात हा मिळालाय. कशाचा आहे ते कळलं तर चोर सापडेल. मला काही यातलं कळत नाही."

सरांनी कागद हातात घेतला. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. उजेडाकडे धरला. मला वाटलं, म्हणतील ठेवून जा, सवडीनं बघतो. तसं म्हणाले असते तर मी कदाचित हरले असते. पण इतक्या वर्षांची सवय आड आली. विचारलं की सांगायचं, हीच ती सवय.

"फारसी आहे," ते म्हणाले. "जुन्या वळणाचं अक्षर. इनामपत्राचा मसुदा दिसतो. पाण्याच्या हक्काबद्दल काहीतरी आहे. नहरनाम्याच्याच काळातला असावा."

"नक्की ना, सर?"

"अगदी."

मी कागद परत घेतला आणि घडी घातली. "सर, हे उर्दू आहे. गनीभाईंच्या नातीच्या, इन्शाच्या लग्नाची पत्रिका आहे. काल माझ्यासमोर लिहिली. तुम्हालासुद्धा बोलावणं आहे, जेवायला या."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तोंडावरचं सगळं तेज उतरलं होतं.

"बाईंना माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही."

"मी तरुण होतो तेव्हा त्या म्हणाल्या, फारसी शिक. मी म्हटलं, शिकतोय. मग लोक म्हणायला लागले, लगडांना फारसी येते. मी नाही म्हटलं नाही. पुढे विभागप्रमुख झालो, मग कुणाकडे जाऊन अलिफ गिरवणार होतो? बाईंना वाटायचं मला येतं. आणि त्यांनी जाहीर केलं, पहिलं पान ज्ञानेश्वर वाचणार. दोनदा सबब सांगितली. तिसऱ्यांदाही त्यांनी तारीख पुढे ढकलली असती. त्या माणसाची वाट बघतात, हो. हाच त्रास आहे त्यांचा." त्यांनी लोखंडी कपाटाकडे बघितलं. "सोहळा मोडावा एवढंच हवं होतं. नंतर दुसऱ्या पेटीत सापडला असता. त्या कुलूप लावीन म्हणतील असं वाटलं नव्हतं."

"आणि काशिफचं नाव?"

ते टेबलावरचा चष्मा उचलून पुसायला लागले. या एका गोष्टीसाठी माझा त्यांच्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही.

"सर, ते जे पुस्तक तुम्ही रुमालात घातलंत, ते काय होतं माहीत आहे?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी सांगितलं. सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग उठून लोखंडी कपाटाची दोन्ही कुलपं उघडली. नहरनामा आत होता, पांढऱ्या कापडात, फीत खोवून. कपाटात गेल्यापासून तो उघडलेलाच नव्हता.

८

वाचनालयात आम्ही पाचच होतो. बाई खुर्चीत, शेजारी गनीभाई, दाराशी मोनिका आणि मी. सर आत आले आणि बाड टेबलावर ठेवायला वाकले.

"टेबलावर नाही," बाई म्हणाल्या.

रस्त्यात मी फोनवर त्यांना सगळं सांगितलं होतं. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, घेऊन ये त्याला. आता त्यांनी दोन्ही हात पुढे केले. सरांनी नहरनामा त्या हातांत दिला. बाईंनी बोटांनी फीत चाचपली, खोवलेलं टोक चाचपलं.

"काय वाचलंस?"

"काही नाही, बाई. मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं."

बाईंनी बाड मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "मला कळायला पाहिजे होतं. इतकी वर्षं मी वाचत होते आणि तू एका शब्दाला अडवलं नाहीस. वाचता येणारा भांडतो रे." त्या गनीभाईंकडे वळल्या. "गनी, तुझं पुस्तक. माझ्या शब्दात खोट निघाली. घरी घेऊन जा."

"आपा, घरी नेऊन वाचनार कोन?" गनीभाई म्हणाले. "काशिफ का? ऱ्हाऊ द्या हितंच. अन् सर, तुमी काशिफची माफी मागा. माजी नको. अल्लाची मी मागितली, तुमच्या वतीनं."

सरांनी हात जोडले. विश्वस्तपदाचा राजीनामा, कॉलेजात सगळं जाहीर सांगणं, मानपत्र परत करणं, असं काय काय बोलायला लागले. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं, नको असंही म्हणाल्या नाहीत. आणि मग नहरनामा परत सरांच्या हातात ठेवला.

"बाई?"

"वाचल्याशिवाय मी परत घेत नाही. मंत्र्याकडूनही घेतला नव्हता. इथंच बसायचं, रोज. घरी न्यायचा नाही, कपाटात तर मुळीच नाही."

"बाई, या वयात?"

"मी तिकडची लिपी गिरवली तेव्हा माझे केस तुझ्यापेक्षा पांढरे होते."

गनीभाई उठले, कोपऱ्यातली पोरांची पाटी घेऊन सरांसमोर बसले. "आपा आमच्या ओसरीवर आली तवा मी लई हसलो हुतो, सर. अब्बांनी कान पिळला. तुमाला न्हाई हसनार." त्यांनी पाटीवर एक उभी रेघ ओढली. "हा अलिफ. काडा."

रविवारी वाचनालयाला कुलूप लागलं नाही. त्या दिवशी इन्शाच्या लग्नात आम्ही सगळे जेवलो. सरांनी मांडवाच्या दारातच काशिफला गाठून माफी मागितली, आणि काशिफनं त्यांना बिर्याणी वाढता वाढता तोंडभर सुनावलं.

सोहळा मात्र झाला तो दिवाळी उलटून गेल्यावर. सरांनी आधी माईकवरून खरं काय ते सांगितलं. ते आता विश्वस्त नव्हते, विभागप्रमुख नव्हते, बाईंनी दिलेलं साधं वाचकाचं कार्ड खिशात होतं. लोक कुजबुजले. मग सर नहरनामा मांडीवर घेऊन बसले, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. दर शब्दाला अडखळत होते. दोनदा मोनिकानं सांगितलं, एकदा बाईंनी डोळे मिटूनच दुरुस्त केलं. आणि एका शब्दाला सर थांबून म्हणाले, "बाई, मला वाटतं इथं तुमचा अर्थ चुकलाय." सगळी माणसं दचकली. बाईंच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, जसं मी त्यांच्या तोंडावर इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

पान संपलं. सरांनी उठून नहरनामा बाईंच्या हातात दिला.

"काय वाचलंस?"

"पाणी जमिनीखालून झाकून आणावं," सर म्हणाले, "पण तहानलेल्याच्या पुढ्यात ते उघडं ठेवावं. पहिलंच वाक्य आहे, बाई."

बाईंनी पुस्तक घेतलं आणि पुढच्या वाचकाला हाक मारली.